पाकिटातला ई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण पाकिटातून आलं आणि ते फोडायच्या आधीच इंग्रजीच्या बाई आठवल्या. पाकीट म्हणजे एन्व्हलप, एन्व्हलपमधला ई तोच स्टेशनरीतला ई, ही खूण त्यांनीच दिलेली.

आठवीत होतो. ऑफिसबाहेरच्या कपाटाला लेबल लिहायचं काम माझ्याकडं आलं, अक्षर बरं होतं म्हणून. मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्टेशनरी लिहिलं, शेवटी ए-आर-वाय. दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाई तिथं थांबल्या, मला हाक मारली आणि म्हणाल्या, "कपाट जागचं हलत नाही हे बरोबर लिहिलंस रे, पण आत काय ठेवलंय ते कुठं लिहिलंस?"

मला कळेचना. ए-चा स्टेशनरी आणि ई-चा स्टेशनरी, मराठीत दोन्ही शब्द आपण सारखेच लिहितो, उच्चारही एकच.

मग सगळी मधली सुट्टी बाईंनी त्या कपाटापाशी घालवली. ए असला की स्थिर, म्हणजे उभी गाडी, आणि ई असला की कागद, पेनं, पाकिटं. एवढ्यावर त्या थांबणाऱ्या नव्हत्याच! जुन्या काळी युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरायचे, पण विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारे एका जागी दुकान मांडून बसायचे म्हणून ते स्टेशनर, आणि त्यांच्याकडं मिळतो तो माल स्टेशनरी, म्हणजे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे, सख्खी भावंडंच. लंडनमध्ये या लोकांचा संघ १४०३ मध्ये झाला, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली, हे मी पुढं स्वतः शोधून वाचलं, पण ते वेड बाईंनीच लावलं.

आज मी भाषांतर आणि प्रूफं तपासायचं काम करतो, वीस वर्षं झाली. नवीन मुलं म्हणतात कॉम्प्युटर चुका दाखवतो की, पण दोन्ही स्पेलिंगं डिक्शनरीत आहेत त्यामुळं लाल रेघ येईलच असं नाही. मशीन पूर्ण थांबल्यावरच झाकण उघडा, अशी सूचना होती एका इंग्रजी मॅन्युअलात, तिथं थांबलेलं या अर्थाच्या शब्दात ए-च्या जागी ई पडलेला, तो मी पकडला. त्या दिवशी बाईंना फोन करावासा फार वाटला, नंबर नव्हता.

आता म्हणे शाळेत सगळी लेबलं प्रिंट करून लावतात. हाताने लिहायचं काम मुलांकडून गेलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाईंनी ते चुकलेलं लेबल फाडलं नव्हतं, माझ्या वहीत चिकटवायला लावलं होतं, खाली लाल शाईनं एक ई काढून. वही अजून आहे. कार्यक्रमाला घेऊन येतोय, बाईंना दाखवायचीये.