आधी कुणाकडे

जुळ्या मुलींचा नववा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

सकाळचं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय. दहाच्या सुमारास मी धाकटीपाशी उभी होते. इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून हात आत घातलेला, तिचं डोकं माझ्या तळव्यात. तेवढ्यात मॉनिटर वाजायला लागला. मी धाकटीचा ऑक्सिजनचा आकडा पाहिला, ९३. छाती हलतेय, नाकातली नळी जागेवर आहे. हायसं वाटलं आणि मनात आलं, दुसऱ्या कुणाचं तरी बाळ असेल.

ती थोरली होती.

सिस्टर माझ्या मागून गेल्या, थोरलीच्या तळपायावर बोटाने दोन टिचक्या मारल्या आणि तिने श्वास घेतला. ७८ वर गेलेला आकडा हळूहळू ९५ वर आला. ओठांचा निळेपणा ओसरला. सिस्टरनी कागदावर वेळ लिहिली आणि म्हणाल्या, "होतं असं. इतक्या लवकर आलेल्या बाळांना श्वास घ्यायची अजून सवय नसते, मधेच विसरतात." वीस सेकंदांच्या वर श्वास थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात, त्यावर कॅफिनचं औषध देतात, हे सगळं मला धाकटीमुळे तोंडपाठ आहे. थोरलीच्या बाबतीत ते कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं तरी बाळ. असं कसं आलं माझ्या मनात?

बत्तिसाव्या आठवड्यात दोघी आल्या, दोन मिनिटांच्या अंतराने. थोरली १६४० ग्रॅमची, धाकटी १२८०. थोरली रडली. धाकटीचा आवाज मी ऐकलाच नाही, नुसती माणसांची धावपळ दिसली. त्या दिवसाचं बाकी काही लिहिवत नाही. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून आत एक पातळ थर असतो, तो शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. त्यासाठीच मला आधी चोवीस तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली होती. थोरलीचं तेवढ्यावर भागलं. धाकटीला त्या थराचंच औषध नळीतून थेट फुप्फुसात द्यावं लागलं. थोरलीचा सीपॅप, म्हणजे नाकातल्या नळीतून दाबाने हवा देणारं यंत्र, तिसऱ्या दिवशी निघाला, धाकटीचा अजून आहे.

मग मी आधी धाकटीकडेच जाणार ना? हात धुतले, गाऊन घातला की पाय आपोआप डावीकडे वळतात. थोरली उजवीकडे, दाराजवळ. जाता जाता तिच्याकडे बघते, 'छान आहेस ना गं' म्हणते आणि पुढे जाते. दुधाचंही तेच. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका वेळी जमायला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो, तोवर दोघींना नळीनेच. २ मिलीपासून सुरुवात झाली. आता दर दोन तासांनी थोरलीला २० आणि धाकटीला १०. माझं तेवढं निघत नाही, कमी पडेल ते मिल्क बँकेतून येतं. आणि माझं दूध आधी धाकटीला द्या, हे मीच सिस्टरना सांगून ठेवलंय.

थोरली बरी आहे म्हणून तिच्या वाट्याला परकं दूध आणि आईचा जाता जाता एक कटाक्ष. नऊ दिवस हेच चाललंय.

दुपारी आईचा फोन आला तेव्हा मी खूप रडले. टाके दुखतात, झोप नाही, घरी पाळणा रिकामा. सगळे अभिनंदन करतात आणि फोटो मागतात. नवऱ्याला काही विचारलं तर 'सगळं ठीक होईल' एवढंच. आईला म्हटलं, माझ्याच वाट्याला हे का? आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "थोरली काय करतेय?" नऊ दिवसांत थोरलीबद्दल आधी विचारणारी ती पहिलीच.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आज थोरलीला छातीशी घ्या. सकाळीच तिचा श्वास थांबला होता, म्हणून मी घाबरले. ते म्हणाले, उलट छातीशी असली की श्वास जास्त स्थिर राहतो. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, तिथे इन्क्युबेटर पुरत नव्हते, तेव्हा डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. मी विचारलं, धाकटीला घेऊ का? ते हसले. "तिलाही घ्यायचंय, नळीसकट घेता येतं. आज ही."

सिस्टरनी तिला बेडकासारखं पाय दुमडून माझ्या छातीवर उभं ठेवलं, मान एका बाजूला वळवली आणि वरून कापड बांधलं. वजन जाणवतच नव्हतं, फक्त ऊब. खांद्यांवर मऊ सोनेरी लव. पायाला लावलेल्या सेन्सरचा लाल दिवा पाऊलभर झिरपलेला, पाऊल आतून पेटल्यासारखं. पहिली दहा मिनिटं मी डावीकडेच बघत होते, धाकटीच्या आकड्यांकडे. मग थोरलीने हात पसरला, तिची पाच बोटं माझ्या गळ्याखाली टेकली, आणि मी तिकडे बघायचं थांबले. दीड तास कसा गेला कळलं नाही. मॉनिटर एकदाही वाजला नाही.

तिला परत ठेवताना पाहिलं तर तिचा एक कान दुमडून राहिला होता, कागदाच्या कोपऱ्यासारखा. मी दचकले. सिस्टरनी बोटाने तो हलकेच उलगडला. "कूर्चा तयार व्हायचीय अजून. झोपवताना कान सरळ आहे ना तेवढं बघत जा." धाकटीचे कान मी रोज बघते, आणि ते सरळ करायचं असतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

निघताना सिस्टरना सांगितलं, उद्यापासून माझं दूध दोघींना निम्मंनिम्मं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून सांगते, धाकटीला त्याची जास्त गरज आहे. ते खरंच आहे, मला कळतं. त्यांनी नाही म्हटलं तर धाकटीलाच जाईल आणि मी वाद घालणार नाही.

फोटो समोर असला की दूध लवकर उतरतं, म्हणून पंप लावताना मोबाईल पुढ्यात ठेवते. आत्ता मोजले. धाकटीचे एकेचाळीस, थोरलीचे नऊ. आजचे धरून नऊ. त्यातला दुमडलेल्या कानाचा लावलाय समोर. तीनचा गजर आहे, पण मी आत्ताच बसते.