तुम्ही विचारलंत म्हणून : ट्रेनिंग हिंदीत असतं, झेपेल का?

"ताई, परीक्षा मराठीतून देता येते, पण पुढचं ट्रेनिंग हिंदीत. आमचं हिंदी सगळं सिनेमातलं. झेपेल का?" असं मला बरेचजण विचारतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची कॉन्स्टेबल भरती परीक्षा 1 जानेवारी 2024 पासून हिंदी-इंग्रजीखेरीज 13 प्रादेशिक भाषांत घेतली जाऊ लागली. त्यात मराठीही आली, आणि तेव्हापासून हा प्रश्न वाढला. मी त्या वाटेने आले नाही. मी स्टाफ सिलेक्शन कमिशनची सब-इन्स्पेक्टरची परीक्षा देऊन दिल्ली पोलिसांत लागले. मराठी माध्यमाची शाळा, इंग्रजीचा स्वतंत्र पेपर असलेली परीक्षा आणि मग हिंदीतलं ट्रेनिंग, अशी माझी तऱ्हा. त्यामुळे उत्तर द्यायला हरकत नाही.

झेपतं. फक्त तुम्ही ज्याची धास्ती घेता ते फारसं अवघड नसतं, आणि जे खरंच अवघड असतं त्याची तयारी करून कुणीच येत नाही.

परेडची चिंता सोडा. सावधान, विश्राम, दाहिने मुड, थम... एनसीसी केलेल्यांना हे शाळेपासून पाठ असतं, आणि बाकीच्यांना आठवडाभरात होतं. मैदानावर हुकूम अर्थाने कळत नाही, तालाने कळतो. उस्ताद बेंबीच्या देठापासून ओरडतो तेव्हा नीट शब्द हिंदीवाल्यांनाही ऐकू येत नाहीत. वर्गाचंही तसंच. कायद्याचं पुस्तक इंग्रजी, शिकवणं हिंदी आणि मागच्या बाकावरची कुजबुज हरियाणवी. तुम्ही "पुलिस आया" म्हणालात की हशा पिकतो, कारण हिंदीत पोलीस स्त्रीलिंगी. पिकू दे. लिंग चुकल्याने कुठलाही आरोपी सुटलेला नाही.

घाम फुटतो तो आकड्यांनी. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण हिंदी बातम्या ऐकतो, गाणी ऐकतो, गप्पाही मारतो, पण हिंदीत शंभरपर्यंत मोजत कधीच नाही. वायरलेसवर मात्र सगळे आकडेच असतात : गाडीचा नंबर, गल्लीचा नंबर, ब्लॉक, मजला. समोर चेहरा नाही, खरखर चालू, आणि कुणीतरी एका दमात सांगून मोकळा होतो, "सैंतीस सैंतालीस". सैंतीस म्हणजे सदतीस, पैंतीस म्हणजे पस्तीस; खरखरीत दोन्ही एकच. सड़सठ आणि अड़सठ तसेच. उनासी आणि नवासी तर मुद्दाम छळायला केल्यासारखे : पहिला एकोणऐंशी, दुसरा एकोणनव्वद. डोक्यात हिंदीचं मराठी आणि मराठीचा आकडा होईपर्यंत पुढचा संदेश सुरू झालेला असतो. उपाय साधा आहे. एकेक अंक वेगळा उच्चारून परत विचारायचं : "तीन-सात-चार-सात?" पलीकडचा वैतागतो, पण हो किंवा नाही सांगतो. मी अजूनही असंच विचारते. आता ठाण्यातले दोघं-तिघं हिंदीवालेही तसंच विचारायला लागलेत. फॉर्म भरला असेल तर व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवा आणि रस्त्यावर दिसेल त्या गाडीचा नंबर हिंदीत म्हणा, जोडीजोडीने आणि मोठ्याने. लोक बघतील, बघू द्या.

दुसरी अडचण कागदांची. हिंदी येतं म्हणून आलेल्यांचीही इथे पंचाईत होते. तपास अधिकारी घटनास्थळावरून मजकूर लिहून कॉन्स्टेबलच्या हाती ठाण्यात पाठवतो आणि त्यावरून एफआयआर नोंदवला जातो, तो मजकूर म्हणजे रुक्का किंवा तहरीर. जप्तीचा कागद फर्द मकबूजगी, अंगझडती म्हणजे जामा तलाशी, घटनास्थळाचा नकाशा नक्शा मौका, केस डायरी ज़िमनी. जुन्या वळणाचा मजकूर "मन एसआई मय हमराही कॉन्स्टेबल" असा सुरू होतो. हे 'मन' फारसी आहे, अर्थ 'मी'; म्हणजे 'मी सब-इन्स्पेक्टर, सोबतच्या कॉन्स्टेबलसह'. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं सगळं शिक्षण हिंदी माध्यमातून झालेलं, पण मकबूजगीपाशी तीही अडली. मला उलट फिर्याद, जबाब, जप्ती, मुद्देमाल हे घरचे शब्द असल्याने निम्मा अंदाज लागायचा. ही पोलिसी हिंदी घरात बोलणारं त्या वर्गात कुणीच नव्हतं. ती सगळ्यांनाच नव्याने शिकायची असते, आणि मराठी मुलांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते.

हे शब्द आता कमी होतायत, निदान व्हायला हवेत. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर अशा 383 उर्दू-फारसी शब्दांची यादी आली होती. एफआयआर तक्रारदाराच्या शब्दांत हवा, अलंकारिक भाषेत नको, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. 2023 मध्ये सोपे शब्द वापरण्याचं परिपत्रकही निघालं. पण जुन्या फाइली जुन्याच भाषेत आहेत आणि तपासासाठी त्या वाचाव्याच लागतात. त्यामुळे ओळखता यायला हवेत. स्वतः लिहायची गरज नाही.

शिकायचे कसे, तर हाताने. जुन्या हेड कॉन्स्टेबलांपैकी जो मुहर्रिरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, खुर्चीत बरीच वर्षं काढलेला असेल त्याच्याशी जमवून घ्या. नावंगावं सोडून कागदाचा साचा वहीत उतरवून काढा. टाइप करू नका, लिहा. रात्री दोन वाजता घटनास्थळी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायची वेळ येते तेव्हा हाताला वळण असलेलं वाक्यच बाहेर पडतं.

1 जुलै 2024 ला तीन नवे कायदे आले तेव्हा मला, खरं सांगायचं तर, थोडी गंमत वाटली. भारतीय दंड संहितेच्या 511 कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 358 कलमं. खून 302 होता तो 103 झाला, चोरी 379 ची 303, फसवणूक 420 ची 318. उभा जन्म 'तीन सौ दो' म्हणण्यात गेलेले सीनियर अचानक आमच्यासारखे अडखळायला लागले. टेबलाच्या काचेखाली तक्ते आले. काहींच्या काचेखाली ते अजून आहेत.

आता जबाबाबद्दल. इथे परकी भाषा उपयोगीच पडते असं माझं मत आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही हेही मला माहीत आहे. एकदा मारहाणीच्या प्रकरणात पूर्वांचलकडची, म्हणजे पूर्व उत्तर प्रदेशाकडची, एक बाई जबाब द्यायला आली. "हम गए तो हमको धक्का दिया, हम गिर गए." तिकडे 'मी' साठी सर्रास 'हम' म्हणतात. दिल्लीत वाढलेल्या कानांना हे इतकं सवयीचं असतं की ते मनातल्या मनात 'मैं' करून पुढे जातात. मला ती सवय नव्हती. मी विचारलं, "हम मतलब आप अकेली?" ती म्हणाली, गेलो दोघी, मी आणि जाऊ. धक्का बसला तेव्हा जाऊ कुठे होती? जिन्यात, मागे. तिने काय पाहिलं? पडल्यावर पाहिलं. म्हणजे पहिल्या वाक्यातला 'हम' दोघींचा, पुढचे दोन एकटीचे, आणि धक्का बघणारी साक्षीदार म्हणून जाऊ उपयोगाची नाही. हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. नाहीतर दोन वर्षांनी उलटतपासात बचावाचा वकील तेच सावकाश, चवीने बाहेर काढतो.

आणखी एक. त्या तीन नव्या कायद्यांतल्याच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तोंडी खबर लिहून घेतली की ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि एक प्रत फुकट द्यायची. तपासात साक्षीदाराचा जबाब घेतला जातो त्यावर मात्र सही घ्यायची नसते. त्यामुळे तो वाचून दाखवण्याकडे काहींचं दुर्लक्ष होतं. मी तोही वाचून दाखवते. सुरुवातीला स्वतःच्या हिंदीची खात्री नव्हती म्हणून वाचायचे, आता सवय झाली. ऐकणारा मधेच थांबवतो, "नहीं मैडम, ऐसा नहीं बोला." तो थांबवतो तिथेच बहुधा काहीतरी महत्त्वाचं असतं.

कोर्टाचं थोडक्यात सांगते. तुम्ही साक्ष हिंदीत देता आणि ती टाइप होते इंग्रजीत. सही करण्याआधी वाचा. परीक्षेसाठी घोटलेलं इंग्रजी तिथे कामाला येतं.

आणि मराठीचं काय, तिचा काही उपयोग होतो का, असंही काहीजण विचारतात. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईतल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत असा निकाल दिला. त्यानंतर मला दुसऱ्या एका ठाण्यातून फोन आला : "मैडम, मराठी आती है ना? एक ड्रायवर है, हिंदी ठीक से नहीं समझता." गेले. कारणं हिंदीत तयार होती, मला मराठीत लिहायची होती. पेन घेऊन बसले आणि लक्षात आलं की अटकेचा कागद मी मराठीत आजवर लिहिलेलाच नाही, कुणी शिकवलेलाही नाही. महाराष्ट्र पोलिसांत असलेल्या मैत्रिणीला मेसेज टाकला, नमुना पाठव म्हणून. तिने पाठवला, खाली लिहिलं, "'सदर इसम' म्हटल्याशिवाय आमच्याकडे वाक्य सुरू होत नाही, पण तू नको म्हणूस. त्या ड्रायव्हरला कळेल असं लिही."