ब्रिक लेनवरचं बंद घड्याळ

"वर बघा, घड्याळ आहे. पण आज बंद!"

लंडनच्या ब्रिक लेनवरचे, मूळ बांगलादेशातल्या सिल्हेटचे पानवाले चाचा मोडक्या हिंदीत म्हणाले. मशिदीच्या भिंतीवर उंच सूर्यघड्याळ. ऊन नाही, म्हणून बंद. त्यावर १७४३ आणि दोन लॅटिन शब्द: आपण सावली आहोत.

तेव्हा ही इमारत म्हणजे फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या प्रोटेस्टंटांचं प्रार्थनाघर. रेशीम विणणारी माणसं. पुढे मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांचं चर्च, १८९८मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, १९७६मध्ये बांगलादेशींची मशीद. घड्याळ मात्र कुणीच काढलं नाही.

"मुलं इथंच राहतात?" सहज विचारलं.

"भाडं कुणाला परवडतं? लांब गेली सगळी."

पानात चुना जरा जास्तच झाला होता. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, बसलो तरी जीभ चुरचुरत होती आणि डोक्यात तेच: आता या इमारतीत पाळी कुणाची?