टाकीतला अंधार

आकाशदर्शन संपून चटया गुंडाळायला घेतल्या की कुणीतरी विचारतंच, "सर, दुसऱ्या ताऱ्यांभोवती हजारो ग्रह सापडले म्हणता, मग पृथ्वीसारख्या एकाचा तरी फोटो का नाही?" परवा एका काकूंनी त्यापुढचं विचारलं. "फोटो अवकाशातून काढायचा ना? मग हे लोक वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत काय करतायत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो काकू, अंधार करतायत.

सूर्यापुढे काजवा असं आपण सहज म्हणून जातो. लांबून पाहिलं तर आपला सूर्य पृथ्वीपेक्षा साधारण एक हजार कोटी पट तेजस्वी दिसेल, आणि दोघं अगदी खेटून. सूर्य झाकायची युक्ती जुनी आहे. 1930 च्या सुमारास फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार ल्यो यांनी ग्रहणाची वाट न बघता दुर्बिणीतच चकती बसवून सूर्याचा प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचं अंधुक तेज, पाहिला. तोच कोरोनाग्राफ.

पण नुसत्या चकतीने भागत नाही. अमेरिकेत पासाडेनाला नासाची जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आहे, तिथे त्यासाठी निर्वात टाकी आहे. हवा जराशी हलली तरी प्रकाश डळमळतो. आत खोटा तारा, म्हणजे बारीक छिद्रातून सोडलेला लेझर. तो झाकला तरी आरशांच्या सूक्ष्म उंचसखलपणामुळे प्रकाशाचे ठिपके उरतात, आणि ते मेले हुबेहूब ग्रहासारखे दिसतात! मग लवचीक आरसा लागतो. नासाच्याच रोमन या अवकाश दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये असे दोन आहेत, प्रत्येकामागे 48 गुणिले 48, म्हणजे 2304 चिमुकले दट्टे. दट्टे किंचित हलवा, फोटो घ्या, गणित करा, परत हलवा. असं करता करता प्रकाशानेच प्रकाश खोडला जातो आणि ताऱ्याशेजारी काळाकुट्ट तुकडा उमटतो. 2007 मध्ये जॉन ट्रॉगर आणि वेस्ली ट्रॉब यांनी दाखवलं की टाकीतला हा काळोख पृथ्वीसारखा ग्रह दिसण्याइतका गडद करता येतो. (रोमनचं स्वतःचं लक्ष्य मात्र गुरूसारखे मोठे ग्रह.)

अडचण अशी की टाकीतलं सगळं स्थिर असतं. अवकाशात दुर्बीण तापते, निवते, थरथरते. पृथ्वीसारख्या ग्रहासाठी तिचे आरसे तासन्‌तास काही पिकोमीटरपलीकडे हलता कामा नयेत. पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग. हायड्रोजनचा अणूच साधारण शंभर पिकोमीटरचा!

मला स्वतःला दुसरी वाट जास्त आवडते: दुर्बिणीच्या हजारो किलोमीटर पुढे उडणारी, ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीत शिरण्याआधीच अडवणारी, सूर्यफुलासारख्या पाकळ्यांची छत्री. ती पृथ्वीवर खऱ्या मापात तपासणार कुठे? म्हणून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात सुमारे 78 मीटर लांब नळी बांधली आणि छत्री केली जेमतेम 25 मिलिमीटरची. अंधार हवा तसा झाला, पण पाकळ्यांच्या बेचक्यांपाशी प्रकाश चमकत राहिला. छत्री इतकी लहान केल्यावर तिथल्या फटी अतिशय अरुंद झाल्या होत्या, आणि प्रकाश त्या चिमुकल्या छत्रीच्याच जाडीला अडखळत होता. खऱ्या छत्रीत त्या फटी खूपच रुंद असतील.