मावशीच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय झालं, तेवढं सांगा

मावशीचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं. खडे होते. साधं ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी, असं सगळेच म्हणाले आणि बहुतेकांचं तसंच होतं हेही खरंय. मावशीचं नाही झालं. घरी आल्यावर पोट फुगायला लागलं, ताप, मग डोळे पिवळे, त्याच हॉस्पिटलला परत नेलं तर म्हणे गॅस झालाय, होईल कमी. शेवटी पुण्याला हलवलं, तिथे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, केल्यावर कळलं की पित्तनलिकेला इजा झालीये आणि पित्त पोटात गळतंय. पोटात नळी टाकली तेव्हा पिशवीत जे हिरवट-पिवळं पाणी साठत होतं ते बघून काका उठून बाहेरच गेले.

इजा झाली म्हणजे हलगर्जीपणाच झाला असं मी म्हणत नाहीये. पुण्याच्या सर्जननी नीट समजावलं, हजारात तीन-चार जणांना हे होतं, सूज जास्त असली की आतलं काही ओळखू येत नाही आणि पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकेलाच क्लिप, म्हणजे नळी बंद करायचा छोटा चिमटा, लागते. चांगल्या हातूनही होतं. मग तसं सांगा ना! पित्ताशयाकडे जाणारी एक नळी आणि एक रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्यावर क्लिप लावायची असते, तशा दिसल्या होत्या का? नव्हत्या दिसत तर पोट उघडून का नाही केलं? आणि आम्ही परत आलो तेव्हा साधी सोनोग्राफी तरी का नाही केली?

डिस्चार्ज कार्डवर फक्त ऑपरेशन व्यवस्थित झालं एवढंच. पूर्ण फाइल मागितली तर काउंटरवर, सर आले की बघू. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाईकाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे. म्हणून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, त्यात ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, नर्सच्या नोंदी, संमतीपत्र आणि ऑपरेशनचं रेकॉर्डिंग असेल तर तेही, असं एकेक नाव घालून मागितलं. नोट मिळाली, रेकॉर्डिंग म्हणे ठेवत नाही.

चार पोरं घेऊन जाऊ म्हणणारेही भेटले. अजिबात नको. डॉक्टर-हॉस्पिटलवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि काचा फोडून मावशीला काय कळणार? पोलिसात जा म्हणणारे होते, पण सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी केसला हलगर्जीपणा फार गंभीर असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत लागतं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, तो रस्ता उघडा ठेवलाय, पण मावशीला पैशाचं काही पडलेलं नाही. सूज उतरली की आतडं वर आणून पित्तनलिकेला जोडायचं मोठं ऑपरेशन व्हायचंय, त्याची तिला भीती वाटते, आणि ती सारखी एकच विचारते, अरे त्यांना तेव्हाच कळलं होतं का रे?

पहिलं ऑपरेशन केलेल्या सर्जनना भेटीची वेळ मागणारं पत्र दिलंय, त्यात पहिला प्रश्न हाच आहे. तोवर ही नोट ओळीनओळ वाचून, आमच्या मनाविरुद्ध असलं तरी खरं मत देईल असा कुणी निवृत्त सरकारी सर्जन ओळखीत असेल तर मला नक्की कळवा.