सूडपट मोजायचे कसे

नाशिक, रविवार रात्र

शनिवारी गंगापूर रोडला स्त्रियांच्या सूडपटांवर, म्हणजे बलात्काराचा सूड बाई स्वतः घेते अशा सिनेमांवर चर्चा आहे, त्याची टिपणं काढतोय. हा वाद दरवेळी 'तिने मारलं ते बरोबर की चूक' इथेच अडकतो. माझ्या लेखी खरा प्रश्न त्याआधीचा आहे: अत्याचार चालू असताना कॅमेरा काय करत होता?

त्यासाठी घड्याळ लावावं. अत्याचाराची मिनिटं, सूडाची मिनिटं आणि मधली, नायिका एकटी असते ती मिनिटं. मधली सर्वांत बोलकी. मोजणी पाठलागापासून धरायची, नाहीतर निम्मा छळ हिशेबात येतच नाही. मग आवाज बंद करून पुन्हा बघायचं: चेहरा तिचा दिसतो, हल्लेखोरांचा, की नुसतं तिचं अंग?

आधी प्रत तपासावी. मीर झार्कीचा १९७८चा 'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह' साधारण १०१ मिनिटांचा. ब्रिटनमध्ये २००१ साली सात मिनिटं कापून निघाला. कापलेल्या प्रतीवर मोजलं तर सिनेमा उगाच सौम्य ठरतो. ९७ मिनिटांची प्रत मात्र अखंड असू शकते, कारण सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा युरोपी व्हिडिओवर २५च्या वेगाने पळतो आणि चार टक्के आखडतो.

झार्कीच्या सिनेमातला छळ पंचवीस मिनिटांच्या आसपास चालतो, पार्श्वसंगीताशिवाय. बघताना गुदमरायला होतं, हे त्याच्या बाजूने मांडायलाच हवं. पण वितरकाने 'डे ऑफ द वूमन' हे मूळ नाव बदललं आणि पोस्टरवर फाटक्या कपड्यांतली पाठमोरी बाई लावली. तिकीट कशावर खपवलं, ते तिथे उघड दिसतं. एबल फेराराच्या 'मिस ४५'मध्ये (१९८१) नायिकेवरचे दोन्ही हल्ले लवकर उरकतात आणि पुढचा सिनेमा त्या मुक्या शिवणकामगार मुलीसोबत राहतो. मला तो कितीतरी प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडचा 'इन्साफ का तराजू' १९८०चा. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, त्या निकालाविरुद्धचा संताप तेव्हा ताजा होता. बलात्काराचा कायदा बदलला १९८३ साली. कोर्टात नायिकेची उलटतपासणी अंगावर येते, ते त्याचं बळ. पण आरोपी सुटतो, धाकट्या बहिणीवरही तोच प्रसंग येतो, आणि मग कुठे थोरली त्याला गोळ्या घालते. एका बाईच्या सूडाला कारण हवं म्हणून दुसरीला भरडलं, याचा मला राग आहे.

शनिवारी अत्याचाराचे प्रसंग दाखवायचे नाहीत. मिनिटांचा तक्ता पुरेसा आहे. चर्चेची सुरुवात 'इन्साफ का तराजू'मधल्या बहिणीच्या प्रसंगापासून करायची.