पागडीच्या गिरणीची दुरुस्ती आणि मुद्रा कर्ज: माझा अनुभव

गिरणीसाठी नवं यंत्र घ्यायचंय म्हटलं की बँकेत लगेच बसायला खुर्ची मिळते. कोटेशन आणा, फॉर्म भरा, यंत्र बँकेकडे तारण, झालं. पण ते यंत्र ज्या फरशीवर उभं राहणार ती खचलीय, भिंतीला ओल आलीय, वायरिंग सासऱ्यांच्या काळचं आहे आणि पैसे त्यासाठी हवेत म्हटलं की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. यंत्र उचलून नेता येतं, प्लास्टर खरवडून नेता येत नाही. दुकानदुरुस्तीच्या कर्जातली बहुतेक अडचण या एका गोष्टीतून येते. बाकीचे कागद सगळ्यांना सारखेच लागतात.

आमची गिरणी पुण्यात कसब्यात, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. दळण वर्षभर आणि उन्हाळ्यात मिरची कांडप. सासऱ्यांनी सुरू केली. ते असतानाच मी गल्ल्यावर बसायला लागले होते, पुढे पूर्ण माझ्याकडेच आली. हे नोकरीला. जागा पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने वापरायची; भाडं महिना १८० रुपये. भाडं ऐकून लोक हसतात, पण १८० रुपये भाड्याच्या जागेची डागडुजी कोण करणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

आधी वाटलं होतं की महापालिकेची एखादी योजना असेल. जुन्या पेठेतली छोटी दुकानं नीटनेटकी दिसावीत यात पालिकेचाही फायदाच की. चौकशीत कळलं, पालिकेच्या हातून जाणारी कर्जयोजना आहे ती पीएम स्वनिधी, आणि ती पथारीवाल्यांची. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तिचे पहिले १०,००० वेळेवर फेडले आणि मग २०,००० घेतले. शिफारस पालिकेची, पैसे बँकेचे, व्याजात ७ टक्के सवलत. चांगली योजना आहे. पण तुमच्या धंद्याला चार भिंती असल्या की तुम्ही तिच्या बाहेर. माझ्यासाठी राहिली ती मुद्रा.

मुद्रा ही छोट्या धंद्यांच्या कर्जाची केंद्र सरकारची योजना, ८ एप्रिल २०१५ ची. ५०,००० पर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ पासून २० लाखांपर्यंत तरुण प्लस. मुद्रा नावाची संस्था स्वतः कुणाला कर्ज देत नाही, ती बँकांना पैसा पुरवते. कर्ज तुमची बँकच देणार, आणि तिला तुमचा धंदा पटला तरच. म्हणून ‘मुद्रा मंजूर झालंय, फाइल चार्ज पाठवा’ असा फोन आला की सरळ ठेवून द्यायचा. मला असे फोन मी अर्ज करायच्याही आधीपासून येत होते.

धंद्याचे कागद मात्र अपेक्षेपेक्षा सहज झाले. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन आणि फुकट. त्याचेही हजार-दोन हजार घेणारे गल्लोगल्ली बसलेत, ते वेगळं. शॉप अ‍ॅक्टला, म्हणजे दुकानाच्या नोंदणीला, २०१७ च्या कायद्यानंतर आमच्यासारख्या मोजक्या कामगारांच्या दुकानांनी फक्त सूचना द्यायची असते, तीही ऑनलाइन. आयकर विवरणपत्र मी भरत होतेच. खरा उपयोग झाला तो क्यूआर कोडचा. हल्ली दहा किलोच्या दळणाचे पैसेही लोक फोनवरून देतात, त्यामुळे धंदा किती होतो ते माझ्या तोंडून सांगायची गरज उरली नाही, खात्याचा उतारा बोलला. रोखीचा धंदा करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका इस्त्रीवाल्याची कमाई माझ्यापेक्षा जास्त असेल, पण बँकेच्या लेखी ती नाहीच.

पहिल्या बँकेत उत्तर मिळालं, ‘रिनोव्हेशन मुद्रात बसत नाही.’ हे खरं नाही. धंद्याच्या जागेची दुरुस्ती बसते. पण बसते म्हणून द्यायलाच हवं असंही नाही, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या बँकेतल्या अधिकारी बाई स्पष्ट बोलणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, ‘ताई, मला तीन गोष्टी हव्यात. जागेत तुम्ही कायदेशीर आहात याचा कागद, मालक काम अडवणार नाही याचा कागद, आणि पैसे कशावर गेले ते दाखवणारी पक्की बिलं.’ एवढं ऐकायला मिळालं तरी निम्मं ओझं उतरलं, कारण तोपर्यंत कुणी नेमकं काय हवंय तेच सांगत नव्हतं.

पहिलाच कागद अडला. भाडेपावती अजून सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन बरीच वर्षं झाली तरी मालक पावती त्यांच्याच नावाने फाडतात, आणि पागडीच्या जागांत हे घरोघरी असं आहे. उद्यम माझ्या नावावर, शॉप अ‍ॅक्ट माझ्या नावावर, वीजमीटर आणि पावती वारलेल्या माणसाच्या नावावर. बँकेच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुकानं.

इथे आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने वाचवलं. वकील आहेत, निवृत्तीला आलेले, दर रविवारी ज्वारी घेऊन येतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्यांना जवळपास पाठ आहे. त्यांनी सांगितलं की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करत असलेलं घरातलं माणूस या कायद्याप्रमाणे भाडेकरू ठरतं, कलम ७ मधल्या व्याख्येतच ते आहे. मी तेव्हा गिरणीत काम करत होते हे दाखवायला जुनी बिलं आणि माझ्या सहीच्या पावत्या निघाल्या. सासूबाईंचं आणि दिरांचं संमतिपत्र घेतलं, नोटरी केली. बाईंच्या विधी विभागाने ते मान्य केलं. पावतीवर माझं नाव यायला पुढे अजून वेळ गेला, पण कर्जासाठी तेवढं पुरलं.

मालकांचा कागद हे मुख्य प्रकरण. मालक वाईट माणूस नाहीत. वाडा बिल्डरला द्यायचा त्यांचा विचार आहे, तो कितीतरी दिवस नुसता विचारच आहे. त्यामुळे कुठल्याही दुरुस्तीला त्यांचं उत्तर एकच, ‘आता कशाला खर्च करता, वाडा जाणारच आहे.’ त्यामागे दोन भीती होत्या, आणि त्या काय आहेत हे वकीलकाकांनी सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं. एक, मी पक्कं बांधकाम करून जागेवर जास्तीचा हक्क सांगेन. दोन, खर्च त्यांच्याकडून मागेन.

दुसऱ्या भीतीचा हिशेब गमतीचा आहे. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा चांगल्या स्थितीत ठेवणं मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. माझं वर्षाचं भाडं २,१६० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ५४०. एवढ्यात टाइल्सची एखादी पेटी आली तर आली. मी मालकांना हे आकडे कागदावर मांडून दाखवले आणि ‘काका, हे ५४० सुद्धा मागणार नाही असं लिहून देते’ म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा ते हसले.

पहिल्या भीतीवर कलम १६ कामी आलं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर भाडेकरूला जागा सोडावी लागू शकते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कोणती कामं कायमस्वरूपी बांधकामात धरायची नाहीत तेही दिलंय. लाकडी पार्टिशन, दरवाजा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धूर किंवा हवा बाहेर काढायचा एक्झॉस्ट, पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घेऊन. गिरणीत उडणाऱ्या पिठासाठी मला एक्झॉस्ट हवाच होता. आम्ही संमतिपत्रात कामांची नावं एकेक करून लिहिली आणि खाली ‘यामुळे जागेवर कोणताही वाढीव हक्क निर्माण होत नाही’ असं वाक्य टाकलं. मालकांनी सही केली. फक्त मागच्या बाजूचे पत्रे बदलायचं काम त्यांनी खोडलं. पत्र्याला हात लावला की उद्या मजला चढवाल, म्हणाले. तिथे मी गप्प बसले.

पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारून आले. भिंत पाडायची नाही, तुळईला हात लावायचा नाही, उंची वाढवायची नाही, मग आतली फरशी, प्लास्टर, रंग यात अडचण नाही. कसब्यातल्यांना एक जादा काळजी असते ती शनिवारवाड्याची. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत साधी दुरुस्ती करायलाही पुरातत्त्वाची परवानगी लागते, त्यापुढचे २०० मीटरही नियंत्रित. आमचा वाडा या हद्दीबाहेर आहे. आत असलेल्या एका कुटुंबाचे हाल मी जवळून पाहिलेत, ते त्यांनीच लिहावेत.

आता बिलं. सगळ्यात जास्त डोकं इथे लागलं. आमचे गवंडी उत्तम कामगार, पण त्यांना जीएसटी क्रमांक नाही, आणि एवढ्या छोट्या उलाढालीला तो कायद्याने लागतही नाही. बँकेला मात्र वहीच्या पानावरचं कोटेशन चालेना. नंबर असलेल्या कंत्राटदाराकडे गेले तर त्याने तेच काम दीडपट सांगितलं आणि करायला शेवटी आमचेच गवंडी पाठवणार होता. मग बाईंनीच विचारलं, ‘तुमचा स्वतःचा हिस्सा कशावर खर्च करणार?’ मार्ग त्यातूनच सुटला. एकूण खर्च साडेपाच लाख धरला होता. त्यात २० टक्के, म्हणजे १ लाख १० हजार माझे, बाकी ४ लाख ४० हजार कर्ज. सगळी मजुरी माझ्या हिश्शातून बसवली. टाइल्स, सिमेंट, वायर आणि स्विचबोर्ड, एक्झॉस्ट, शटर, नवी मोटर आणि मिरचीचं यंत्र, हे सगळं पक्क्या बिलाचं सामान, त्याचे पैसे बँकेने थेट व्यापाऱ्यांच्या खात्यात टाकले. तुमचा गवंडी बिननंबरचा असेल तर अर्ज भरायच्या आधीच अशी विभागणी करून घ्या. सामान कर्जातून, मजुरी पदरची.

यंत्र आणि दुरुस्ती एकाच अर्जात घातल्याचाही फायदा झाला. निदान तारण दाखवायला काहीतरी होतं. मध्येच शाखेतून ‘एखादी एफडी ठेवता का’ अशी विचारणा झाली. छोट्या उद्योगांच्या एवढ्या रकमेच्या कर्जाला बँकेने कर्जातून घेतलेल्या वस्तूंशिवाय वेगळं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि मुद्रा कर्जामागे सरकारी हमी निधी असतो. मी हे शांतपणे म्हटलं, त्यांनी विषय सोडला. आवाज चढवायची गरज पडत नाही, नियम माहीत आहे एवढं समोरच्याला दिसलं की पुरतं.

महावितरणचं काम समांतर चालू होतं. मोटर वाढली की मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, त्याला परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि मीटरवरचं नावही त्याच वेळी बदलून घेता येतं. बँकेच्या फाइलमध्येही तोच रिपोर्ट लावला.

पैसे एकदम मिळत नाहीत. आधी सामान, मग अधिकारी येऊन फोटो काढणार, मग पुढचा हप्ता. फरशी उखडून ठेवलेली आणि पुढचे पैसे सुटायचेत, अशा अवस्थेत गिरणी बंद होती. त्या काळात मी डबे घेत राहिले आणि रविवार पेठेतल्या ओळखीच्या गिरणीत दळून आणून दिले. त्यात सुटत काही नाही, उलट रिक्षाचे पैसे गेले, पण एकदा गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीच्या पिठाला सरावलं की परत येत नाही. कर्जाचे हप्ते सुरू व्हायला तीन महिन्यांची सवलत मागून घेतली होती, ती इथे उपयोगी पडली. त्या महिन्यांचं व्याज चढतंच, तरी दुकान बंद असताना हप्ता भरण्यापेक्षा ते परवडलं.

हप्ता साडेनऊ हजारांच्या आसपास आहे, पाच वर्षं. आठ रुपये किलोने दळण धरलं तर महिन्याला बाराशे किलो, म्हणजे रोज साधारण चाळीस किलो फक्त बँकेसाठी दळायचं, वीज आणि दगडाला टाकी लावायचा खर्च वेगळा. दिवाळीआधी भाजणीची गर्दी असते आणि एप्रिल-मेमध्ये मिरची, तेव्हा हप्ता जाणवत नाही. जून-जुलैत जाणवतो. नव्या एक्झॉस्टमुळे आत उभं राहता येतं, मिरचीच्या दिवसांत पूर्वी बायका डबा ठेवून पळायच्या, आता गप्पा मारत थांबतात. मागचे पत्रे तेच आहेत. पावसाळ्याआधी यंदाही त्यावर ताडपत्री टाकली, आणि मालकांना त्या पत्र्यांसाठी कलम १४ ची नोटीस द्यावी का, यावर वकीलकाका आणि मी अजून एकमत झालेलो नाही.